हा पापा नव्हे

चिठ्ठीवर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते. ‘नाव तपासा.’ चिठ्ठी माझी, अक्षर माझं, गुलाबाच्या जातीच्या रकान्यात मी ठळक करून ‘पापा मेलाँ’ लिहिलेलं, आणि त्याला लागून ती बारीक तिरपी पेन्सिल. बाटलीतलं फूल सकाळी साडेसहाला मी ठेवून गेले होते तसंच होतं. अर्ध्याहून थोडं जास्त उमललेलं, मधला सुळका अजून घट्ट, बाहेरच्या पाकळ्यांच्या कडांवर ती काळपट मखमली झाक. डावीकडच्या फुलाला पहिला क्रमांक, उजवीकडच्याला तिसरा. माझ्या फुलापुढे काहीच नव्हतं. लोक येत होते, वाकून बघत होते, “काळा गुलाब बघ गं” म्हणत पुढे जात होते, आणि मी त्या दोन शब्दांकडे बघत उभी होते.

गुलाब प्रदर्शनाचे परीक्षक काका मंडपाच्या कडेला चहा घेत होते. सत्तरी ओलांडलेले, बोटांवर काट्यांचे जुने ओरखडे. मी विचारायच्या आधीच त्यांनी ओळखलं. म्हणाले, “ताई, फूल फार चांगलंय. पण हा पापा नव्हे. चुकीच्या नावाचं फूल आम्हाला बाद करावं लागतं, नाइलाज असतो.” मी विचारलं, “मग कोण आहे?” ते जरा थांबले. “ते तुम्ही घरी बघा. माझ्यापुढे एक फूल आहे, तुमच्यापुढे अख्खं झाड आहे.”

रिक्षात फूल मांडीवर धरून घरी आले. बक्षीस गेलं याचं वाईट दोन दिवसांत ओसरलं. टोचत राहिलं ते वेगळंच.

गुलाब लावणाऱ्या कोणालाही विचारा, पापा मेलाँ म्हटलं की दोन गोष्टी एका श्वासात येतात: असा रंग-वास दुसरीकडे नाही, आणि भुरी पाठ सोडत नाही. नोव्हेंबरात हवा पालटली, दिवसा कोरडी ऊब आणि रात्री गारठा सुरू झाला, की त्याच्या कोवळ्या लाल पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा थर चढतो, पानं आक्रसतात, कळीच्या मानेपर्यंत पांढरं होतं. आम्हा नाशिककरांना भुरी समजावून सांगावी लागत नाही, निम्म्या घरांचे नातेवाईक द्राक्षवाले. द्राक्षाची भुरी वेगळ्या बुरशीची, गुलाबाची वेगळ्या, पण दोघींना हवा साधारण एकच मानवते. आणि माझ्या झाडाला नऊ वर्षांत भुरी जवळजवळ आलीच नव्हती. कधी दोन पानं, कधी एखादा शेंडा. याचा मला अभिमान होता. मी तो बोलून दाखवत असे. पाणी सकाळीच आणि बुंध्याशीच घालते, आत वाढलेल्या फांद्या काढून झाडाचं पोट मोकळं ठेवते, निंबोळी पेंड आणि मुरलेलं शेणखत वेळच्या वेळी देते, म्हणून माझा पापा स्वच्छ राहतो, असं मी किती जणींना सांगितलं असेल. ज्यांचे पापा भुरीने गेले त्यांनाही सांगितलं. एकीने तर माझं ऐकून दोनदा नवं रोप आणलं, दोन्ही वेळा तिने स्वतःलाच दोष दिला, आणि मी तिला समजूत घालताना मनातून जराशी सुखावले होते. आता ते सगळं आठवत राहिलं. झाड जर पापाच नसेल, तर माझ्या हाताचं यश त्यातलं किती होतं?

रोप मी नऊ वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून आणलं. काळी पिशवी, गुडघ्याएवढं रोप, पिवळी प्लॅस्टिकची पट्टी. तिथला माळी त्याला ‘पापा मिलन’ म्हणायचा, आणि मला ते नाव आवडलं होतं. घरी येऊन पुस्तकात बघितलं तेव्हा कळलं की फ्रान्समधल्या मेलाँ घराण्याने १९६३ साली ही जात बाजारात आणली आणि घराण्यातल्या आजोबांचं, आंत्वान मेलाँ यांचं, घरातलं लाडाचं नाव तिला दिलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव इतक्या गडद, जवळजवळ काळ्या फुलाला द्यावं हे मला फार भावलं. १९८८ साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. पट्टी उन्हाने तडकली तेव्हा मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी कापली, खिळ्याने टोचून टोचून नाव उठवलं आणि तारेने बांधली. चुकीचं नाव मी माझ्या हाताने पक्कं केलं होतं.

मग मी वही घेतली. फेब्रुवारीतला दुसरा बहार त्या वहीत गेला. आधी संशयित ठरवायचे होते, आणि इथेच मला ती गोष्ट सापडली जिने माझा राग बराचसा उतरवला. गडद लाल, दाट वासाचे तीन गुलाब जगभर सारखे एकमेकांत मिसळतात: पापा मेलाँ, मिस्टर लिंकन आणि ओक्लाहोमा. आणि ते मिसळतात याला कारण आहे. तिघांची आई एक, बाप एक. आई ‘क्रायस्लर इम्पीरियल’, १९५२ सालचा अमेरिकन गुलाब. बाप ‘शार्ल मालराँ’, फ्रान्सचा. हाच संकर मेलाँकडे फ्रान्समध्ये झाला आणि तोच कॅलिफोर्नियात हर्बर्ट स्विम आणि वीक्स या जोडीनेही केला. फ्रान्समधल्या बियांतून पापा आला, अमेरिकेतल्या बियांतून लिंकन आणि ओक्लाहोमा. लिंकनला १९६५ साली अमेरिकेचा मोठा सन्मान मिळाला, ओक्लाहोमा पुढे २००४ साली त्याच नावाच्या राज्याचं अधिकृत फूल झाला. बी म्हणजे मूल, प्रत्येक बी वेगळी. एका आईबापाच्या पोटी एक उंच आणि काटक निघतो, एक देखणा आणि नाजूक, एकाची मान फुलाच्या भाराने वाकते. घरोघरी हेच असतं. म्हणून तर चांगला निघालेला गुलाब कोणी बियांवर सोडत नाही, त्याचे डोळेच, म्हणजे फांदीवरचे कोंब, दुसऱ्या खुंटावर भरावे लागतात. मेलाँकडचं ते एक झाड डोळ्या-डोळ्याने पुढे गेलं, आणि आज जगात कुठेही खरा पापा असेल तर तो त्याच झाडाचा तुकडा आहे.

माझ्याकडे तिघांतला कोणता तुकडा आला होता?

पाकळ्या मोजल्या. पूर्ण उमललेलं फूल वर्तमानपत्रावर घेऊन बाहेरून आत एकेक पाकळी उतरवायची आणि पाच-पाचचे ढीग करायचे. बाहेरची पाकळी जाड, बोटांना सांबराच्या कातड्यासारखी लागते, पाठीवर जरा फिकी. आत जावं तशी ती लहान आणि ओलसर होत जाते, आणि शेवटी दोन-तीन अशा निघतात की त्यांना पाकळी म्हणावं की केसर म्हणावं कळत नाही, अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या. एकतीस, चौतीस, तेहतीस. ओक्लाहोमा चाळिशीच्या वर जातो, म्हणजे तो गेला. उरले दोघे, आणि त्या दोघांच्या पाकळ्या जवळजवळ सारख्या. मग उंची. माझं झाड दरवर्षी छाटूनही माझ्या डोक्यावर जातं, दांडे सरळ आणि लांब. मी याचं श्रेय शेणखताला देत आले होते. कळी: पुस्तकातला पापा टोकदार, माझी कळी खाली भरदार, कलशासारखी. उमलणं: माझं फूल सकाळी डौलात असतं आणि उन्हाची तिरीप लागली की दुपारपर्यंत पेला होऊन मधले पिवळे केसर उघडे टाकतं. प्रत्येक नोंद एकाच बाजूला झुकत होती, आणि तरी मी लिहायला तयार नव्हते. नऊ वर्षं ज्या नावाने हाक मारली ते खोडायला पेन्सिलसुद्धा जड होते.

याच दिवसांत काकांकडे गेले. त्यांच्या गच्चीवर दीडशे कुंड्या, सगळ्यांना पत्र्याच्या पट्ट्या. मी विचारलं, फुलाचं मोल तुम्ही ठरवता कसं? त्यांनी मला अमेरिकन रोझ सोसायटीची गुणांची रीत बोटांवर मोजून दाखवली. आकृतीला २५, रंगाला २०, पाकळीच्या कसाला १५, देठ-पानांना २०, तोल आणि प्रमाणाला १०, आकारमानाला १०. शंभर झाले. मी वाट बघत राहिले. “वासाला?” काका हसले. “वासाला नाही. वासाचा वर्ग निराळा ठेवतात, तिथे फक्त वास. पण या शंभरात नाही.” मला ते मनापासून लागलं. मी म्हणाले, गुलाबाला वासाचा गुण नाही म्हणजे काय? ते शांतपणे म्हणाले, “सकाळी सातला गारठलेल्या मंडपात फूल मुकं असतं, अकराला बोलतं. कोणाचं नाक कसं, कोणाचं कसं. आणि वीस फुलं हुंगली की माझं नाक मला काही सांगत नाही. डोळा दिवसभर टिकतो.” कारण मला पटलं. तरी घरी येताना वाटत राहिलं की माझ्या फुलाशी त्या मंडपात कोणी पुरतं बोललंच नाही. पेन्सिल टेकवण्यापूर्वी कोणी एकदा वाकून श्वास घेतला असता, तर मला ते नाव चुकल्याचं दुःख निम्म्याने कमी झालं असतं.

आणि मग लक्षात आलं की आमच्या घरातही एक जण आहे जिने हे फूल कधी हुंगलेलं नाही. माझ्या सासूबाई.

आई रोज सकाळी परडी घेऊन अंगणात उतरतात. सप्तशृंगीच्या तसबिरीला लाल फूल लागतं, आणि ते वणीच्या देवीचं फूल नऊ वर्षं याच झाडाने दिलंय. देठाला नख लावून कळी परडीत ठेवताना त्या तोंड जरा बाजूला वळवतात. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. उष्टं होतं. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मी परडीवर वाकले होते तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून मला हलकेच मागे सारलं होतं, रागावल्या नव्हत्या. गुलाब, मोगरा, सोनचाफा, जे जे परडीत पडलं त्याचा वास त्यांनी लांबूनच घेतला असेल, देवघरातल्या उदबत्तीत मिसळलेला. तिकडे गुण नाहीत म्हणून कोणी नाक नेत नाही, इकडे भक्ती आहे म्हणून. मधे फक्त मी, रोज संध्याकाळी झाडापाशी उभी राहून पोटभर वास घेणारी.

वही उघडी बघून आईंनी विचारलं, काय चाललंय. मी सगळं सांगितलं, तिघे भाऊ, पाकळ्या, पेन्सिल. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला नाव नाही माहीत. पण हा गुलाब निर्माल्यात जांभळा पडतो बघ. जास्वंद काळी पडते, गावठी गुलाब पांढरट होतो. हा मात्र दुसऱ्या दिवशी वांग्यासारखा जांभळा. मला पहिल्यापासून नवल वाटतं.” त्या उठल्या आणि निर्माल्याची डबी घेऊन आल्या. कालचं फूल. खरंच, ते तेज लाल कुठेच नव्हतं, कडांकडून आत निळसर जांभळा चढला होता.

गडद लाल पाकळीतला रंग सायानिन नावाच्या द्रव्याचा. पाकळी ताजी असते तोवर तिच्या पेशीतला रस आंबट असतो आणि रंग लाल राहतो. पाकळी म्हातारी होते, रसातली आम्लता उतरते, तसा तोच रंग निळसर होत जातो. हे थोडंफार सगळ्याच गडद लाल गुलाबांत होतं, तिन्ही भावांतही, पण मिस्टर लिंकनची ही खोड गुलाबवाल्यांत चांगलीच माहीत आहे. मी कागदावर वाचलेलं आई नऊ वर्षं देवघरात रोज बघत होत्या. फुलाचं रूप मी झाडावर पाहत होते, त्याचं म्हातारपण त्यांनी पाहिलं होतं. मी वहीत लिहिलं: मिस्टर लिंकन. आणि काकांना फोन केला. ते म्हणाले, “मलाही तेच वाटलं होतं. फांद्या घेऊन जा माझ्या पापाच्या. डोळा भरता येतो?” येत नव्हता.

त्यांनी शिकवला. काटे नसलेल्या मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा खुंट, पेन्सिलीएवढा जाड, पाणी दिलेला, म्हणजे साल सुटते. जमिनीपासून चार बोटांवर धारदार चाकूने आडवा छेद, त्याच्या मधून खाली उभा, इंग्रजी टी अक्षरासारखा. चाकूच्या पाठीने सालीचे दोन पदर उचलायचे, आत ओला, पांढरा, चकचकीत लाकडाचा अंग दिसतो. मग पापाच्या फांदीवरचा एक डोळा ढालीच्या आकारात, इंचभर लांब, सालीसकट काढायचा. पानाचा देठ अर्धा ठेवतात, तेवढीच धरायला मूठ. डोळ्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. तो दोन पदरांत वरून खाली सरकवायचा, दोरी म्हणून प्लॅस्टिकची पट्टी, डोळा तेवढा मोकळा. मी सहा डोळे भरले. पहिल्या दोनांना माझा हात थरथरला आणि ते काळे पडले. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या चारांतल्या तीन डोळ्यांचे देठ नुसत्या स्पर्शाने गळून पडले. देठ सुकून चिकटून बसला तर डोळा मेला, अलगद गळला तर लागला. आतला डोळा हिरवा आणि फुगीर होता. इतका आनंद मला बक्षिसाने कधी झाला नाही.

उन्हाळाभर त्यांच्या कळ्या मी खुडत राहिले, झाडाने आधी अंग धरावं म्हणून. पावसात एक मेलं, बुंध्यापासून काळं पडत गेलं. ऑक्टोबरात उरलेल्या दोघांची हलकी छाटणी केली, जुन्या झाडाचीही केली, आणि नोव्हेंबरात भुरी आली. जुन्या झाडापासून तीन हातांवर, तेच पाणी, तेच खत, तीच निगा, तोच माझा हात. जुनं झाड हिरवंगार आणि नव्या दोन पापांच्या शेंड्यांवर पीठ. निफाडच्या दिरांकडून पाण्यात विरघळणारं गंधक आणलं, उन्हं चढायच्या आत फवारलं, पांढरे शेंडे कात्रीने काढून जाळले, आठवड्याने पुन्हा फवारलं. एक संध्याकाळ मी नुसती पायरीवर बसून राहिले. ज्या मैत्रिणीचे दोन पापा गेले होते तिला फोन केला आणि सांगितलं की चूक तुझी नव्हती. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “मी आता लिली लावते गं, छान येतात.” मी तिला पापाचं एक रोप देऊ केलं. ती नको म्हणाली, आणि तिच्या नाही म्हणण्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता, फक्त आता दुसरीकडे रमलेली होती. मला बराच वेळ चैन पडलं नाही.

पहिली कळी डिसेंबरच्या शेवटी मोठी झाली. शेजारच्या दोन कळ्या खुडल्या, म्हणजे सगळा रस एकीला मिळेल. ती लिंकनच्या कळीहून निमुळती, आणि रंग असा की उन्हात धरल्याशिवाय लाल आहे हे कळू नये. बंद असताना काळी, दहिवर पडलं की सुकलेल्या जांभळासारखी. नऊ वर्षं मी ज्याला गडद म्हणत होते ते नुसतं लाल होतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं. सकाळी आठ-साडेआठला ती तिसरा हिस्सा उघडली होती. मी वाकले. विचार करून नव्हे, सवयीने. वास आधी दाट, ओळखीचा, गुलकंदाच्या बरणीचं झाकण उघडावं तसा, आणि मग त्याच्या पाठीमागून काहीतरी ताजं, आंबूस, वर येणारं.

डोळे उघडले तेव्हा आई परडी घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्या या फुलाची वाट बघत होत्या हे मला माहीत होतं. त्यांनीच रोज विचारलं होतं, उमललं का, देवीला पहिलं फूल जाऊ दे. मी चपापले. म्हणाले, “आई, मी हुंगलं.”

“बघितलं मी. मग आता हे तुझं,” त्या म्हणाल्या आणि लिंकनकडे वळून देवीसाठी नेहमीचं फूल खुडलं, तोंड बाजूला करून.

पापाचं फूल मी कापून स्टीलच्या पेल्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. दुपारी जेवणं झाल्यावर, भांडी उपडी घालून होईपर्यंत उन्हाची पट्टी तिथवर आली होती आणि फूल बोलायला लागलं होतं, ओट्यापर्यंत वास येत होता. आई पाण्याचा तांब्या भरायला आल्या आणि थांबल्या. पेला उचलला. उष्टं झालेलंच फूल, त्यामुळे काही अडचण नव्हती. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून नाकाशी नेलं, अगदी पाकळ्या नाकाला टेकेपर्यंत, आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी हात पुसत बघत होते.

“ह्याला मागून लिंबासारखं काहीतरी येतं गं,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा घेतला वास. “आपल्या जुन्याला पण असं येतं का?”

मला नऊ वर्षं तो वास पाठ होता, पण सांगता येईना.

“जा, त्याचं एक घेऊन ये. आणि येताना तू घेऊ नकोस वास, मला आधी दे.”

कात्री घेऊन मी अंगणात उतरले.